दम धरणारं पेट्रोल

हैद्राबादेत माझी खोली रस्त्याच्या अंगाला हाय. दिवसभर खिडकीखालून मोटारी जातात. सोबतची पोरं मोटारीचा रंग बघतात, पडद्याआड कोण बसलंय ते बघतात. मी पलंगावर पडून नुसता आवाज ऐकतो. कुठली खुशीत चाललीय, कुठली दात खात चाललीय, कुठलीला मालकानं स्वस्तातलं पाजलंय, हे मला न उठता कळतं. पोरं म्हणतात, "तू वकिली शिकायला आलास का मिस्त्रीकी, बे?" मंग मी त्यांना माजलगावहून पाटोद्याला गेलतो त्याची गोष्ट सांगतो. त्यातल्या एकानंबी बीड जिल्हा बघितलेला न्हाई. एकाला तर वाटतं आमच्याकडं बिबट्या सकाळी दारात येऊन दूध मागतो. रोज रोज तोंडी सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

माजलगावच्या शाळेत मला समदे रावा म्हणायचे. रावा म्हंजे पोपट. मास्तर, तहसीलदार, पेशकार, म्हैस, पिठाची गिरणी, ज्याचा आवाज एकदा कानात गेला तो तोंडातून निघालाच पाह्यजे. मार लई खाल्ला, पण कला सुटली न्हाई. आई म्हणायची, ह्याच्या तोंडाचा काई उपेग हाय का? उपेग झाला. कुठं, ते ऐका.

माजलगाव

माझी थोरली बहीण गोदाक्का पाटोद्याला दिलेली. आमी गंगथडीची माणसं, काळी सपाट जमीन, सिंदफणेला पाणी. पाटोदा वर बालाघाटावर, दगड, सीताफळीची रानं आणि वर आभाळ. मधी घाट. दोन सालांखाली आक्का पहिलटकरीण होती, तवा तिला बाळंतपणाला बैलगाडीतून आणलं. गाडीत गवत घातलं, वर गोधड्या घातल्या, तरी घाटातल्या दगडांनी जे करायचं ते केलं. मूल गेलं. आक्का वाचली, पण तवापासून हसली न्हाई. मी तिच्यापुढं तहसीलदार केला, म्हैस केली, काई उपेग न्हाई.

आता तिला परत दिवस होते, सातवा सरत आलता. तिच्या सासूबाईंचा निरोप आला, "गाडीबैलात माझी सून घाट उतरणार न्हाई. मोटार आणा आन् न्या, न्हाईतर बाळंतपण हितंच होईल." आमच्या घरात मोटार म्हंजे विमानच. पण आई गप बसणारी न्हाई. गावच्या अण्णासाहेब देशमुखांनी हैद्राबादेच्या कुण्या नवाबाची वापरलेली मोटार आणलती. काळी, लांबलचक, बोनेट एवढं की त्यावर पंगत बसावी. आईनं देशमुखीणबाईंच्या हातापाया पडून दोन दिवसांसाठी मोटार मागून घेतली. घाई अशी की अवस जवळ आलती. अवस झाली की आक्काला आठवा लागणार, आन् आठव्या महिन्यात लेकीनं वेस ओलांडायची न्हाई, ही आमच्याकडची रीत. वडलांना हिवताप. म्हणून मुराळी मी. बहिणीला सासरहून आणायला जातो तो मुराळी. डोक्याला फेटा बांधला, आन् आईनं दम भरला, "तिथं तोंडाची चाळवाचाळव करू नको."

मोटार चालवायला करीमचाचा. अण्णासाहेबांकडं ते कैक वर्षं कापसाची लॉरी चालवायचे. दाढी मेंदीची, स्वभाव पेढ्यासारखा, पण गाडीबद्दल कुणी ब्र काढला की मिरची. मी बसल्याबसल्या तोंडानं भोंगा वाजवला तर म्हणाले, "अरे रावे, एक भोंगा काफी है. तू चुप बैठ."

तेलगाव

सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बाया ओटीत कापूस वेचत उभ्या. मोटार गेली की समद्या एकदम कमरेवर हात ठेवून वळायच्या. मला वाटलं आपण निजाम सरकारच हाय. मी हात वर करून सलाम घेत चाललो. एका बाईनं ओळखलं. "आगं, हा तर गोदीचा भाऊ रावा! कोणाची रं मोटार?" निजामशाही तिथंच संपली.

तेलगावात करीमचाचांच्या मेव्हण्याकडं न्याहारी केली. ज्वारीची गरम भाकरी, आंबाड्याची भाजी, वर लसणाची फोडणी, आन् तेल असं की बोटं चाटून पुसावी लागावी. जेवण झालं तसं चाचांनी मोटारीला पाजलं. टाकीत डब्यातलं पेट्रोल ओतलं आन् वर दुकानातून आणलेलं घासलेट. तीन वाट्यांत एक वाटी, असा हिशेब. मला त्यात काई वावगं वाटलं न्हाई. आमच्याकडं समदे असंच करायचे. लॉरी असंच प्यायची, जिनिंगवाल्यांची लॉरी असंच प्यायची. दुधात पाणी घालतात तसं पेट्रोलात घासलेट. त्याला पेट्रोलच म्हणायचं.

"नवाबाची मोटार हाय चाचा, चालतं का तिला?"

"नवाब का पेट अलग होता क्या बे? जो सबको, वही इसको."

घाटात

वडवणी गेलं, बीडच्या वेशी, बिंदुसरेचा पूल, खजाना विहिरीचं थंडगार पाणी, समदं गेलं. सपाटीला मोटार रेशमासारखी. कधीमधी आतून बारीक टकटक यायची, कुणी तांब्यावर नख मारावं तशी. मी लगेच तोंडानं उचलली. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ती गिळून टाकली.

मांजरसुंब्याचा घाट लागला आन् ती टकटक मोठी झाली. पहिल्या वळणाला टिक्टिक्टिक्, दुसऱ्याला खडखडखड, जणू बोनेटखाली कुणी तव्यावर फुटाणे भाजतंय. चाचा पाय जास्त दाबायचे, तसे फुटाणे जास्त आन् चाल कमी. रेडिएटरातून वाफ. मोटार अंगात आल्यागत थरथरायला लागली. तिसऱ्या वळणाला जीवच सोडला.

मी उतरून चाकाखाली दगड लावले. चाचा बोनेट उघडून आत बघत उभे. दाढी खाली, तोंड पांढरं.

"अंदर की हड्डी टूटी," ते म्हणाले. "बेरिंग गई. अब चालू किया तो पूरा इंजिन जाएगा. अण्णासाहेब मेरे को..."

तेवढ्यात वरून एक म्हातारा बैल घेऊन उतरत होता. त्यानं मोटार बघितली, आमाला बघितलं, तंबाखू मळली.

"बैलं जुपू का? ओढून पाटोद्याला न्हेतील."

"आबा," मी म्हटलं, "बैलांनी ओढली तर ती बैलगाडीच झाली की. तीच तर चालत न्हाई आमच्या विहीणबाईंना."

"मंग बसा सीताफळं खात," आबा म्हणाले आन् खरंच चार पिकलेली सीताफळं देऊन गेले. घाटावरची सीताफळं खाल्ली न्हाईत त्यानं सीताफळ खाल्लंच न्हाई, एवढं सांगून ठेवतो. पण त्या दिवशी गोड लागली न्हाईत. दुसऱ्याच दिवशी अवस होती. आक्का वर पाटोद्यात गाठोडं बांधून ओट्यावर बसली असणार, हे मला दिसत होतं.

ठरलं असं, की चाचा मोटारीपाशी थांबतील आन् मी बीडला जाऊन फत्तू मिस्त्रीला घेऊन येईन. जिल्ह्यात मोटारीचा मिस्त्री म्हंजे फत्तूच. एक गुळाची गाडी खाली चाललीती, तिच्या ढेपांवर बसून मी निघालो. मुंग्यांनी मला बीडपर्यंत सोबत केली.

बीड

फत्तू मिस्त्री बाजेवर आडवा. पाय बांबूच्या कामट्यांनी बांधलेला. मोटारींच्या पोटात आयुष्य काढलेला माणूस सायकलवरून पडलता. वर रुबाब असा की दरबार भरलाय.

"मिस्त्री, माजलगावच्या देशमुखांची ती नवाबाची मोटार घाटात बंद पडली. करीमचाचा तिथंच हायत. चला."

"कायकू चलूं? पाय बघ." त्यानं पानाची पिचकारी टाकली. "मोटार हिकडं आण. अख्ख्या मराठवाड्याच्या मोटारी हितं येतात."

"ती येत न्हाई म्हणून तर मी आलो."

"मंग मी तिला न बघता, न ऐकता काय सांगू? मी हकीम हाय, ज्योतिषी न्हाई."

न ऐकता, म्हणाला. मी फेटा काढून मांडीवर ठेवला. "ऐकायचीच असंल तर मी ऐकवतो," म्हटलं आन् सुरू झालो. आधी तेलगावची सपाटी, रेशमाचा आवाज. मंग पहिलं वळण, दुसरं वळण, फुटाणे, चाचांचा पाय, फुटाण्यांवर फुटाणे, वाफ, थरथर आन् शेवटचा हुंदका.

आतून मिस्त्रीची बिबी डोकावली. "कोन की मोटार आई जी?" दारातली बकरी दोरी तोडून पळाली. गल्लीतली धा-पाच माणसं गोळा झाली. मिस्त्री मात्र डोळे मिटून होता, पान चघळायचं थांबलतं.

"पुन्हा. नुसतं दुसरं वळण."

मी काढलं.

"आता करीमनं स्टेरिंगवरची ती बारकी दांडी मागं घेतली असंल. ठिणगी उशिरा पडावी म्हणून. तवाचा आवाज काढ."

ती दांडी चाचांनी एकदा मागं घेतलती. मी आठवलं. फुटाणे एकदम थांबलते, पण मोटार अशी चाललीती की तापातून उठलेला माणूस चालतोय. मी तसं काढलं, टकटक बंद, नुसतं हाफणं.

मिस्त्रीनं डोळे उघडले आन् मांडीवर थाप मारली. नेमकी दुखऱ्या पायाच्या. बोंबलला, मंग हसला.

"बेरिंग न्हाई गेली! बेरिंगचा ठोका दांडी मागं घेतल्यानं थांबत न्हाई. तिनं पिलंय काय, ते सांग."

"पेट्रोल."

"निरं?"

"नेहमीचंच. घासलेट घातलेलं."

गल्लीतली माणसं म्हणाली, "समदेच घालतात." मिस्त्रीबी म्हणाला, "मीबी घालतो की, लॉरीला." आन् मंग त्यानं मला इचारलं, "तू नकल्या हाय ना? नक्कल करताना तुलाच आधी हसू फुटलं तर?"

"तर खेळ संपला. लोकांनी हसायच्या आधी आपण हसायचं न्हाई. दम धरायचा."

"तेच. इंजिनात तेलाची वाफ कोंडून दाबतात. दाबून दाबून बारीक केली की मंग ठिणगी टाकायची, तवा तिनं भडकायचं आन् पिष्टन ढकलायचा. लॉरी अडाणी बाई, हलक्या हातानं दाबती. तिच्यात घासलेट चालतं. पण ही नवाबाची मोटार लई जोरात दाबती, म्हणून तर तिला एवढी ताकद. एवढ्या दाबात घासलेटाला दम निघत न्हाई. ठिणगी पडायच्या आधी, न्हाईतर भलत्याच कोपऱ्यात ते आपलं आपण फुटतं. पिष्टन वर येतोय आन् हे वरून त्याच्या टाळक्यात हाणतंय. तीच तुझी फुटाण्यांची खडखड. चढाला दाब जास्त, म्हणून घाटात जास्त. तिला दम धरणारं पेट्रोल पाह्यजे."

मी पेट्रोलच्या एजंटाच्या दुकानात गेलो. तिथं दोन जातीचे डबे होते. एक लॉरीवाल्यांचं, एक भारी मोटारींचं. भारीचा सीलबंद डबा एकच उरलता. कलेक्टरसाहेबांच्या मोटारीसाठी म्हणून दुकानदार देईना. मी कलेक्टरसाहेबांच्या आवाजात म्हटलं, "दे दो, दे दो, बच्चे को दे दो." दुकानदार दचकून उभाच राहिला. मंग हसत हसत बसला आन् डबा दिला. दुसरा लॉरीचाच घेतला, पण निरा, आन् दोन्ही घेऊन परत मिस्त्रीच्या बाजेपाशी आलो. मिस्त्रीनं दोन्ही डब्यांतले थेंब माझ्या तळहातावर टाकून चोळायला लावले. हात गार पडला, वाळला, चिकट काईच न्हाई. "चिकट राह्यलं आन् कंदिलाचा वास मारला तर समज, कुणीतरी आधीच वाटी ओतलीय," म्हणाला. "आन् ऐक. चढाला भारी डबा. उताराला आन् सपाटीला लॉरीचा चालंल, पण दांडी जरा मागं आन् करीमला सांग, पाय हलका ठेव. चढाला पायबी नक्को, पेट्रोल पाह्यजे."

निघताना मी त्याचाच आवाज काढून त्याला खुदा हाफिज केलं. "हरामखोर," म्हणाला तो, लई मायेनं.

परत घाटात

उजाडता उजाडता दूधवाल्याच्या टांग्यातून घाटात पोचलो. करीमचाचा मोटारीच्या पायरीवर बसलेले. मी समदं सांगितलं. त्यांचं तोंड मिरची व्हायला लागलं.

"मतलब मैंने जहर पिलाया?"

"चाचा, मिस्त्री म्हणाला मीबी लॉरीला तेच पाजतो. लॉरीला ते अन्नच हाय. फकस्त हिचं पोट अलग हाय."

"नवाब का पेट," चाचा पुटपुटले. मंग त्यांनाच हसू आलं आन् मलाबी. टाकीतलं खाली काढून रिकाम्या डब्यांत भरलं, घरी लॉरीला घालायला. "दिव्यात न्हाई घालायचं हां, घर उडेल," चाचांनी मलाच बजावलं. मंग भारी डबा ओतला.

चाचा हॅण्डल मारायच्या आधी काईतरी पुटपुटले. मोटार चालू झाली. पहिलं वळण. मी कान बोनेटाला लावल्यागत पुढं झुकलो. टकटक न्हाई. वळण सरलं, खडा चढ आला, चाचांनी पाय दाबला आन् मोटारीनं पाठीत धरून आमाला असं वर ढकललं की माझा फेटा मागच्या सीटवर गेला. घाट उतरणारे मेंढरं-धनगर समदे कडेला. दरीत सकाळचं धुकं, डोंगराच्या अंगावर कारळाची पिवळी फुलं, आन् आमच्या मोटारीचा आवाज इतका बारीक की पाखरं ऐकू येत होती. चाचांचे डोळे भरलते. वाऱ्यानं, म्हणाले.

पाटोदा

पाटोद्याला पाण्याचे हाल. आमच्या गंगथडीला पाहुणा आला की पाय धुवायला घागर देतात. तिथं तांब्या देतात, तोबी अर्धा, आन् पाय धुतलेलं पाणी दोडक्याच्या आळ्यात जातं. आक्का ओट्यावरच होती, गाठोड्यासकट. मला बघून उठली, पण सासूबाईंनी हातानं थांबवली. मी त्यांना मावशी म्हणायचो. बारीक बाई, पण गावचा पाटीलबी त्यांच्यापुढं जपून बोलायचा.

त्या आतून तांब्या घेऊन आल्या. पितळी, काठोकाठ भरलेला. पाटोद्यात काठोकाठ तांब्या मी तवाच बघितला.

"मी आधी बसती," म्हणाल्या. "हा तांब्या मांडीवर. मारुतीच्या टेकाडावर न्या आन् आणा. पाणी सांडलं तर सून न्हाई येत."

"मावशी, मोटार हाय ती, थोडं तर..."

"गाडीलाबी तुमी गवत घातलतं, रावा."

चाचांनी टाकीत काडी बुडवून बघितली. भारी पेट्रोल बुडाला लागलतं. लॉरीचा डबा अजून ओतला नव्हता. माझ्या कानात हळूच म्हणाले, "टेकाड तक होगा. उपर का अल्ला जाने." पण तो डबा ओतला न्हाई. चढाला भारी, मिस्त्रीनं सांगितलतं.

मावशी पुढं बसल्या. अख्खी आळी मागं. मी मागच्या सीटवर, माझं लक्ष तांब्यावर. टेकाडाचा चढ लागला. चाचांनी श्वास धरला, मी धरला. मोटारीनं धरलाच होता. पाणी काठावर थरथरलं, फुगलं, एका बाजूला आलं आन् तिथंच थांबलं. वर मारुतीपाशी वळण घेताना एक थेंब काठावर चढला. मावशीनं अंगठा लावून तो परत आत लोटला. मी बघितलं. त्यांनीबी बघितलं की मी बघितलं.

खाली आलो. मावशी उतरल्या, तांब्या आक्काच्या हातात दिला.

"जा. वाटंत पी. आन् ह्या पोपटाच्या नादानं लई हसू नको, पोटाला ताण पडतो."

बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आन् मटकीचं कालवण खाऊन दुपारी निघालो. अवस सरायच्या आत वेस ओलांडली. निघतानाच टाकीत लॉरीचा डबा घातला, दांडी मागं, पाय हलका. घाट उतरताना जिथं गेल्या खेपेला बैलगाडी आदळलती तिथं आक्कानं माझा हात धरला. मोटार हळू गेली. पुढं गेल्यावर तिनं हात सोडला आन् म्हणाली, "मिस्त्रीला मोटार कशी ऐकवली रे? काढ की." मी समदी काढली, बकरीसकट. आक्का हसली. दोन सालांनी. चाचा पुढं बघून म्हणाले, "एक भोंगा काफी है," आन् स्वतःच भोंगा वाजवला.

पोरगा झाला. माजलगावात, आमच्याच घरात, पहाटं.

ती मोटार पुढं अण्णासाहेबांनी इकली. तिचं पोट परवडेना, म्हणाले. करीमचाचा परत लॉरीवर गेले आन् तीन वाट्यांत एक वाटी बिनघोर ओतायला लागले. आक्काला सासरी पोचवायला गेलो ती सर्व्हिस बसनं. बोचकी, कोंबड्या, माणसं, आन् घाटात तीच खडखड, फुटाणे. डायवर बिडी ओढत निवांत. मला राहवेना, म्हटलं दांडी मागं घ्या जरा. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् पाय जास्त दाबला. आक्काच्या एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात तोच तांब्या, सासरचा म्हणून परत न्हेत होती, माजलगावच्या पाण्यानं भरून. प्रत्येक वळणाला तो अंगावर सांडत होता. पोरगं त्याला हात लावून खिदळत होतं.

पाटोद्याच्या पारापाशी मावशी उभ्या होत्या. त्यांनी आधी नातू उचलून घेतला. मंग आक्काचं भिजलेलं लुगडं बघितलं, तांब्यात वाकून बघितलं. अर्ध्याच्यावर सांडलतं.

आक्का घाबरली. "सांडलं अत्या, लई हादरं होतं."

मावशी नातवाच्या टाळूवर हात फिरवत चालायला लागल्या.

"सांडू दे आता," म्हणाल्या.